वाचकांचे प्रश्न : मलेशियाच्या मंत्रिमंडळात कोण, कुठे आणि का?

गेल्या अंकात मलेशियातल्या २०२२ च्या निवडणुकीवर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त प्रश्न तिथल्या मंत्रिमंडळाबद्दल आहेत. मंत्री कोण होतं, कोणाच्या वाट्याला कुठलं खातं येतं, भारतीय वंशाचे किती. माझी नोकरीची बरीच वर्षं क्वालालंपूरला लागून असलेल्या पेटालिंग जायात, शाळेत शिकवण्यात गेली. त्यामुळे या विषयाबद्दल मला आपुलकी आहे आणि ठाम मतंही आहेत. उत्तरांत दोन्ही दिसतील.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे एक वाचक विचारतात : मलेशियात राजाही आहे आणि पंतप्रधानही. मग मंत्री नेमतो कोण? राजाच्या हातात खरंच काही असतं, की फक्त सहीपुरता तो असतो?

तिथल्या राज्यघटनेचं ४३ वं कलम नीट वाचा, परीक्षेलाही उपयोगी पडेल. राजाला तिथे यांग दि-पर्तुआन अगोंग म्हणतात. नऊ संस्थानांचे नऊ वंशपरंपरागत शासक आपल्यातल्या एकाला पाच वर्षांसाठी निवडतात. घटना अगोंगला सांगते की, लोकसभेसारख्या देवान राक्यात या सभागृहातल्या ज्या सदस्यामागे बहुमत असण्याची शक्यता तुमच्या मते आहे, त्याला पंतप्रधान नेमा. ‘तुमच्या मते’ हा भाग महत्त्वाचा. बाकीचे मंत्री मात्र अगोंगने पंतप्रधानांच्या सल्ल्यानेच नेमायचे असतात आणि ते दोन्हीपैकी कुठल्याही सभागृहातले चालतात. सगळ्यांनी मिळून संसदेला उत्तर द्यायचं.

एका आघाडीला स्पष्ट बहुमत होतं तोवर राजाच्या ‘मता’ला फारसा वाव नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये महाथीर मोहम्मद यांनी राजीनामा दिला आणि बहुमत कोणाकडे आहे हेच कोणाला कळेना. तेव्हा त्या वेळचे अगोंग, पहांगचे सुलतान अब्दुल्ला, यांनी खासदारांना राजवाड्यावर बोलावून एकेकाला विचारलं. दोन दिवस ते चाललं होतं. त्यातून मुहयिद्दीन यासिन पंतप्रधान झाले.

१९ नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीनंतर पुन्हा तेच. सभागृह २२२ जणांचं, म्हणजे बहुमताला ११२ हवेत. अन्वर इब्राहिम यांच्या पाकातान हारापानला ऐंशीच्या थोड्या वर जागा, मुहयिद्दीन यांच्या पेरिकातान नासिओनालला सत्तरच्या थोड्या वर, आणि पूर्वी दशकानुदशकं राज्य केलेल्या बारिसान नासिओनालला अवघ्या ३०. अगोंगनी दोन्ही मोठ्या आघाड्यांना एकत्र सरकार करायला सुचवलं, मुहयिद्दीन यांनी नकार दिला. मग शासकांची खास बैठक झाली आणि २४ नोव्हेंबरला अन्वर यांचा शपथविधी झाला. त्या पाच दिवसांत राजवाड्याच्या फाटकाबाहेर पत्रकार ठाण मांडून बसले होते. तेव्हा राजाचा अधिकार सहीपुरता मुळीच नव्हता, हे माझं स्पष्ट मत.

एक निवृत्त शिक्षक लिहितात : एका सरकारात दोन उपपंतप्रधान कशाला? हा केवळ पदं वाटण्याचा प्रकार वाटतो.

सर, पदं वाटणं त्यात आहेच. पण कोणाला वाटली ते पाहिलं की देश समजतो.

आधी एक गोष्ट : उपपंतप्रधान हे पद मलेशियाच्या घटनेत नाहीच. १९५७ पासून ती प्रथा आहे. मुहयिद्दीन यांनी २०२० मध्ये उपपंतप्रधान न नेमता चार ‘वरिष्ठ मंत्री’ नेमले आणि बराच काळ तसंच काम चाललं. तरीही या पदाला वजन आहे, कारण पंतप्रधान बहुतेक वेळा तिथूनच आले. अब्दुल रझाक, हुसेन ओन, महाथीर, अब्दुल्ला बदावी, नजीब रझाक, सगळे आधी उपपंतप्रधान. आणि कित्येकांचं राजकारण त्याच पायरीवरून घसरलं. मुसा हितम यांनी १९८६ मध्ये महाथीरांशी पटेना म्हणून राजीनामा दिला. खुद्द अन्वर यांना २ सप्टेंबर १९९८ ला महाथीरांनी बडतर्फ केलं आणि पुढे ते तुरुंगात गेले. मुहयिद्दीन यांना २०१५ मध्ये नजीबनी काढलं. एकच वारसदार शेजारी बसवला की काय होतं, हे अन्वर यांच्याइतकं कोणी भोगलेलं नाही. दोन उपपंतप्रधान नेमताना हा विचार त्यांच्या मनात असणार असं मला वाटतं.

आता ते दोघे कोण? पहिले अहमद झाहिद हमिदी, बारिसानमधल्या मुख्य पक्षाचे, म्हणजे अमनोचे, अध्यक्ष. बारिसानच्या ३० जागांशिवाय सरकार बनतच नव्हतं, म्हणून हे पद. त्यांच्यावर एका धर्मादाय संस्थेच्या पैशांसंदर्भात ४७ आरोपांचा खटला चालू होता, आणि पाकातानच्या मतदारांनी भ्रष्टाचाराविरुद्धच मत दिलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना मुक्त केलं, पण ती निर्दोष सुटका नव्हती. माझ्या ओळखीच्या अनेकांना ही नेमणूक आजही पचलेली नाही. मलाही नाही.

दुसरे फदिल्लाह युसूफ, आणि त्यांच्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे. ते सारवाकचे. मलेशियाचा नकाशा समोर घ्या. पश्चिमेला द्वीपकल्प, तिथे राजधानी आणि बहुतेक लोकसंख्या. मध्ये दक्षिण चिनी समुद्र. पलीकडे बोर्निओ बेटावर सबाह आणि सारवाक. ही दोन राज्यं १६ सप्टेंबर १९६३ ला एका कराराने मलेशियात आली आणि तेव्हापासून त्यांचं म्हणणं असं की आम्ही देश घडवणारे भागीदार आहोत, नुसती दोन राज्यं नव्हे. त्यांच्या जमिनीखाली आणि समुद्रात तेल-वायू आहे, जंगल आहे. आणि रस्ते, नळ, वीज यांत ती कायम मागे.

माझ्या शेजारी सारवाकमधल्या कापितच्या, तिथल्या इबान या मूळनिवासी जमातीच्या एक बाई राहायच्या. गावी जायचं तर आधी विमानाने सिबू, आणि तिथून राजांग नदीतून एक्सप्रेस बोट. लांबट, निमुळती, आतून कडाक्याची थंड. टपावर गॅसचे सिलिंडर आणि कोंबड्यांचे पिंजरे बांधलेले. त्यांच्या लहानपणापासून त्या ऐकत आल्या होत्या की रस्ता येणार आहे. आज देशाचे बांधकाम मंत्री अलेक्झांडर नांता लिंग्गी आहेत, आणि ते कापितचेच खासदार. त्यांचं नाव जाहीर झालं तेव्हा बाईंनी मला फोन केला होता. बांधकाम खातं बोटीने गावी जाणाऱ्या माणसाकडे आलं, ह्याचं महत्त्व त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

फदिल्लाह हे बोर्निओकडचे पहिले उपपंतप्रधान. आधी त्यांच्याकडे मळे आणि वस्तुमाल खातं होतं, डिसेंबर २०२३ पासून ऊर्जा आणि पाणी आलं. सारवाकच्या आघाडीला २०२२ मध्ये एकूण पाच मंत्रिपदं मिळाली. २२२ पैकी ५७ जागा सबाह, सारवाक आणि लाबुआन बेट मिळून आहेत. हा आकडा लक्षात ठेवला की द्वीपकल्पातले नेते विमानाने सारवाकच्या राजधानीला, कुचिंगला, का धावतात ते कळतं.

अकरावीतली एक वाचक विचारते : मलेशियात इतके तमिळ लोक आहेत. मंत्रिमंडळात ते किती? आणि नसले तर काय फरक पडतो?

तुझा प्रश्न छोटा आहे, उत्तर लांब होणार आहे. धीर धर.

मलेशियात भारतीय वंशाचे लोक सात टक्क्यांहून थोडे कमी आहेत, त्यांत बहुसंख्य तमिळ. पणजोबा-खापरपणजोबा ब्रिटिशांच्या काळात रबराच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. स्वातंत्र्याआधी १९५५ मध्ये पहिली निवडणूक झाली तेव्हा मलय, चिनी आणि भारतीय अशा तीन समाजांच्या तीन पक्षांनी मोट बांधली. ५२ पैकी ५१ जागा जिंकल्या. तेव्हापासून मंत्रिमंडळाकडे बघायची एक सवय लागली : यादी वाचताना प्रत्येकजण आपल्या समाजाची माणसं मोजतो. त्या पहिल्या मंत्रिमंडळात भारतीयांच्या पक्षाचे व्ही. टी. संबंदन कामगार मंत्री होते.

संबंदन यांच्याबद्दल तुला सांगितलंच पाहिजे. मळ्यांचे गोरे मालक मळे तुकडे करून विकू लागले तेव्हा हजारो मजूर कुटुंबं बेघर व्हायची पाळी आली. घर मळ्याचं, शाळा मळ्याची, देऊळही मळ्यातलं. संबंदन यांनी १९६० मध्ये सहकारी संस्था काढली. मजुरांनी छोट्या छोट्या हप्त्यांनी भाग घेतले आणि त्या पैशांतून मळेच विकत घेतले. पदाचा असा उपयोग केलेला मंत्री माझ्या लेखी फार मोठा.

ते सुंगाई सिपुत या मतदारसंघाचे खासदार होते. त्यांच्यानंतर १९७४ पासून तिथून सामी वेल्लू निवडून येत राहिले, ते १९७९ ते २००८ सलग मंत्री. रस्ते-पूल म्हटलं की त्यांचंच नाव. एकोणतीस वर्षं एका समाजाचं सगळं मागणं एका माणसाच्या दारावर उभं राहिलं. २५ नोव्हेंबर २००७ ला हजारो भारतीय क्वालालंपूरच्या रस्त्यावर उतरले. देवळं पाडली जात होती, नोकऱ्या नव्हत्या, कोणी ऐकत नव्हतं. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत सामी वेल्लू सुंगाई सिपुतमध्ये पडले.

२०१८ मध्ये सत्ता पहिल्यांदा बदलली आणि भारतीय वंशाचे चार मंत्री झाले : कुलसेगरन, झेवियर जयकुमार, वेदमूर्ती आणि गोबिंद सिंग देव. गोबिंद सिंग हे देशाचे पहिले शीख मंत्री. तो आनंद दोन वर्षंही टिकला नाही, सरकारच पडलं.

मग २ डिसेंबर २०२२, शुक्रवारची रात्र. अन्वर मंत्र्यांची नावं वाचून दाखवत होते. क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्स या भारतीय वस्तीतल्या एका उपाहारगृहात आम्ही केळीच्या पानावर जेवत होतो आणि वर टीव्ही लावलेला होता. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा उजव्या हाताने भात कालवत डाव्या हाताच्या बोटांवर भारतीय मंत्री मोजत होते. मनुष्यबळ मंत्री म्हणून शिवकुमार यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी अंगठा दुमडला. यादी संपली. बाकीची बोटं तशीच राहिली. त्यांनी पान दुमडलं आणि हात धुवायला गेले.

शिवकुमार कोण, तर २००९ मध्ये पेराक राज्याच्या विधानसभेचे सभापती असताना ज्यांना सभागृहातून ओढून बाहेर काढलं गेलं ते. १२ डिसेंबर २०२३ च्या फेरबदलात अख्ख्या मंत्रिमंडळातून फक्त त्यांनाच वगळलं. गोबिंद सिंग नव्या डिजिटल खात्याचे मंत्री म्हणून परत आले. सरकारने म्हटलं, भारतीय मंत्री आहेच की. आकडा खरा होता. पण पंजाबी शीख मंत्र्याच्या कार्यालयात मळ्यातून आलेल्या म्हातारीला तिच्या भाषेत बोलता येईल का, हा प्रश्न लोकांनी विचारला आणि तो मला रास्त वाटला. गोबिंद सिंग कर्तबगार आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नव्हतीच.

फरक काय पडतो, तर एक उदाहरण देते. भारतीय समाजासाठी ‘मित्रा’ नावाची सरकारी यंत्रणा आहे, वर्षाला १० कोटी रिंगिटची (रिंगिट हे मलेशियाचं चलन) तरतूद. ती कधी राष्ट्रीय एकता मंत्रालयाकडे असते, कधी पंतप्रधानांच्या विभागाकडे. ती तिकडून इकडे हलली की बालवाड्या चालवणाऱ्या संस्थांना पुन्हा नव्या दारात उभं राहावं लागतं. मंत्रिमंडळाच्या टेबलाशी ‘हे आता हलवू नका’ म्हणणारं कोणी असलं तर त्या बालवाड्या चालू राहतात.

अजून एक बघ. संबंदन १९५५ मध्ये कामगार मंत्री. पुढे २००८ मध्ये सुब्रमण्यम, २०१८ मध्ये कुलसेगरन, २०२० मध्ये सरवणन, २०२२ मध्ये शिवकुमार, सगळे मनुष्यबळ मंत्री. २०२३ ला ते खातं स्टीव्हन सिम यांच्याकडे गेलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये आर. रमणन यांच्याकडे आलं, तेव्हा तमिळ मंत्री पुन्हा दिसला. मजूर म्हणून आलेल्यांच्या मुलांना कामगार खातं, अशी ही वाट पडलेली आहे. ते खातं कमी दर्जाचं मुळीच नाही. पण अर्थ, गृह, शिक्षण या खात्यांवर तमिळ नाव मला बघायचं आहे आणि तू माझ्या वयाची होशील तोवर ते दिसावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दोन वाचकांनी विचारलंय : मंत्री किती असावेत याला मर्यादा आहे का? आणि पगार किती?

मर्यादा नाही. २०२२ मध्ये अन्वर यांच्यासह २८ जण होते, शिवाय २७ उपमंत्री. वर्षभराने मंत्री ३१ झाले. मुहयिद्दीन यांच्या काळात मंत्री-उपमंत्री मिळून सत्तरच्या घरात गेले होते, कारण बहुमत काठावरचं होतं आणि एकेका खासदाराला धरून ठेवायचं होतं. आकडा फुगला की सरकार कमजोर आहे असं खुशाल समजा.

पगार कायद्याच्या तक्त्यात छापलेला आहे : पंतप्रधान महिना २२,८२६.६५ रिंगिट, उपपंतप्रधान १८,१६८.१५, मंत्री १४,९०७.२०. खासदार म्हणून मिळणारा भत्ता त्याहून वेगळा. अन्वर यांनी पंतप्रधानपदाचा पगार घेणार नाही असं जाहीर केलं आणि पहिल्याच बैठकीत मंत्र्यांनी स्वतःच्या पगारात २० टक्के कपात मान्य केली.

एक वाचक, बँकेतून निवृत्त : पंतप्रधानांनीच अर्थखातं ठेवणं योग्य आहे का?

नाही. मलेशियाने याची किंमत मोजलेली आहे.

नजीब रझाक पंतप्रधानही होते आणि अर्थमंत्रीही. वनएमडीबी हा सरकारी गुंतवणूक निधी अर्थ मंत्रालयाच्या मालकीचा आणि त्याच्या सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदी स्वतः नजीब. म्हणजे पैसे मागणारा, देणारा आणि तपासणारा एकच. त्या निधीतून अब्जावधी डॉलर गेले. त्याच निधीच्या एसआरसी या पूर्वीच्या उपकंपनीतल्या ४.२ कोटी रिंगिटच्या खटल्यात नजीब दोषी ठरले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्यावर तुरुंगात गेले. बँकेत एकाच माणसाकडे तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या देत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणूनच २०१८ च्या जाहीरनाम्यात पाकातानने लिहून दिलं होतं की पंतप्रधान अर्थखातं ठेवणार नाही. ते पाळलं गेलं. लिम ग्वान एंग अर्थमंत्री झाले, १९७४ नंतर त्या पदावर आलेले पहिले चिनी वंशाचे. चार वर्षांनी त्याच पाकातानचे अन्वर पंतप्रधान झाले आणि अर्थखातं स्वतःकडे ठेवलं. त्यांना अनुभव आहे, १९९१ ते १९९८ ते अर्थमंत्री होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचे मुख्य अधिकारी अमीर हमझा अझीझान यांना दुसरे अर्थमंत्री म्हणून आणलं, आणि ती निवड चांगली झाली. रोजचं बरंच काम तेच बघतात. तरीही पहिलं नाव पंतप्रधानांचंच आहे. माणूस चांगला आहे म्हणून ही सोय चालवून घ्यायची, तर पुढच्या माणसालाही ती आयती मिळते. माझा विरोध त्यासाठी आहे.

एक वाचक थोड्या रागाने लिहितात : निवडणुकीत पडलेली माणसं मंत्री कशी होतात?

सिनेटच्या दाराने. वरिष्ठ सभागृह, देवान नगारा, ७० जणांचं. २६ जण राज्यांच्या विधानसभा पाठवतात, ४४ जणांची नेमणूक अगोंगच्या सहीने सरकार करतं. सैफुद्दीन नासुतिओन २०२२ ला स्वतःच्या मतदारसंघात पडले, सिनेटर झाले आणि गृहमंत्री झाले. तंकू झफ्रुल हेही पडले, सिनेटर म्हणून उद्योग-व्यापार मंत्री झाले.

तुमचा राग मला समजतो. ज्याला लोकांनी नाकारलं त्याच्याकडे पोलीस खातं देणं मलाही खटकतं. मात्र हेच दार अमीर हमझांसारख्या, कधीच निवडणूक न लढवलेल्या जाणकार माणसासाठीही उघडतं. दार बंद करून चालणार नाही. त्या दाराला घटनेने कडी मात्र लावलेली आहे : सिनेटरची मुदत तीन वर्षं, आणि आयुष्यात दोनदाच. झफ्रुल पहिल्यांदा २०२० मध्ये नेमले गेले होते, त्यामुळे डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला त्यांची दुसरी मुदत संपली आणि मंत्रिपदही गेलं. ते खातं जोहारी अब्दुल घनी यांच्याकडे गेलं.

एका वाचक भगिनींचा प्रश्न : स्त्रिया किती?

२०२२ च्या २८ जणांत पाच. कमीच. पहिल्या महिला मंत्री फातिमा हाशिम, १९६९ मध्ये, समाजकल्याण खात्याच्या. रफीदा अझीझ १९८७ ते २००८ सलग व्यापार-उद्योग मंत्री होत्या आणि परदेशी कंपन्यांशी वाटाघाटीत त्यांचा दरारा होता. २०१८ मध्ये अन्वर यांच्या पत्नी वान अझीझा पहिल्या महिला उपपंतप्रधान झाल्या. आणि शिक्षण खात्याला पहिली महिला मंत्री मिळायला २०२२ उजाडलं, फधलिना सिदेक. माझ्या शाळेच्या शिक्षकखोलीत पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्या देशाच्या शिक्षण खात्याला बाई यायला स्वातंत्र्यानंतर पासष्ट वर्षं लागली.

आणखी एक पत्र : रफिझी रामली यांच्यासारखा अर्थव्यवस्था मंत्री पक्षाच्या निवडणुकीत हरला म्हणून राजीनामा का देतो?

मे २०२५ मध्ये अन्वर यांच्याच पीकेआर पक्षाच्या उपाध्यक्षपदाच्या निवडणुकीत रफिझी हरले. जिंकल्या अन्वर यांच्या कन्या नुरुल इझ्झा. काही दिवसांत रफिझी आणि पर्यावरण मंत्री निक नझमी या दोघांनीही मंत्रिपद सोडलं. कायद्याने गरज नव्हती. पण तिथे मंत्रिपद हे पक्षातल्या वजनावर मिळतं, आणि पक्षाने नाकारल्यावर त्या बळावर मिळालेली खुर्ची ठेवू नये असं त्यांनी मानलं. मला ते सभ्यपणाचं वाटलं. नुकसान मात्र देशाचं झालं. अनुदानं गरजूंपर्यंत नेमकी कशी पोहोचवायची यावर रफिझी आकडेवारी घेऊन बसणारे मंत्री होते, आणि ते काम त्यांना अर्ध्यावर सोडावं लागलं.

शेवटचा प्रश्न, एका तरुण वाचकाचा : इतक्या पक्षांचं हे सरकार टिकेल का?

मुदतीपुरतं बोलायचं तर या संसदेची पहिली बैठक १९ डिसेंबर २०२२ ला झाली. पाच वर्षांनी ती आपोआप विसर्जित होते आणि पुढच्या ६० दिवसांत निवडणूक. त्याआधी विसर्जन हवं असेल तर पंतप्रधान विनंती करतात, अगोंग ती नाकारूही शकतात. ऑक्टोबर २०२२ पासून पक्षांतरविरोधी कायदा लागू आहे, त्यामुळे २०२० सारखे एकेकटे खासदार फोडणं अवघड झालं. अख्खा पक्ष आघाडी सोडून गेला तर मात्र तो कायदा आड येत नाही.

म्हणून वही घ्या आणि बेरीज करा. सुरुवातीला सरकारमागे १४८ जण होते : पाकातान ८२, बारिसान ३०, सारवाकची आघाडी २३, सबाहची ६, बाकी छोटे पक्ष आणि अपक्ष. बारिसान एकटं निघून गेलं तर उरतात ११८, सरकार वाचतं. सारवाक एकटं गेलं तर १२५, तरी वाचतं. दोघं एकाच वेळी गेले तर ९५. नंतर दोन-चार जागा इकडे-तिकडे झाल्या, पण हिशेब हाच आहे. आणि त्या दोन आघाड्यांतूनच दोन उपपंतप्रधान आलेले आहेत.